हिरामावशीची खोली

ज्याचा फ्लॅट त्यालाच दारात अडवणारी बाई बोईसरमध्ये एकच, आमची हिरामावशी. साठीला टेकलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात खराटा. मालक चपला घालून आत येऊ लागला की हा खराटा आडवा होई.

"हॉल आज वनिताचा हाय. तिला इचारा. हो म्हनली तर या."

एक मालक चिडून हिंदीत म्हणाला, अहो, घर माझं आहे. मावशी जराही आवाज न चढवता म्हणाली, "उद्यापास्नं. आज नाय." बिचाऱ्याने वनिताला विचारलं. वनिताने त्याला चपला काढायला लावल्या, आणि मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून, हे गिऱ्हाईक गेलं, असं मनात म्हणत राहिलो.

माझा धंदा रिकाम्या जागा साफ करून देण्याचा. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हे सुरू केलं. इकडे माणसं कारखान्यासाठी येतात आणि कारखाना बदलला की खोलीही बदलतात. मागे उरतात फुटक्या बादल्या, ओट्यामागची तेलाने काळी पडलेली भिंत, जोडीतली एकच चप्पल. ते सगळं उपसायचं, घासायचं आणि चावी मालकाच्या हातात द्यायची. हे काम मनापासून कोण करणार? बायका आठवडाभर टिकत, मग तारापूरच्या एखाद्या पॅकिंग कंपनीत निघून जात. मी हजेरीचं बक्षीस लावून पाहिलं. दिवाळीला डबे वाटले. शेवटी उत्साह वाढवणारं भाषणही केलं. मी मुळात घुमा माणूस. ते भाषण ऐकून दोघी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

मग कुणाच्या तरी ओळखीने सरावलीहून हिरामावशी आली. मूळची माकुणसारकडची. पहिल्याच दिवशी तिने कुणालाही काम वाटून दिलं नाही. तिने खोल्या वाटल्या. हॉल वनिताचा, आतली खोली सुमनची, स्वयंपाकघर आणखी कुणाचं, एखादी लहान खोली तिची स्वतःची. दिवसभर ती खोली त्या बाईची. दुसरीने तिथून बादली न्यायची तरी विचारून. संडास मात्र कुणाच्या नावावर नसे, तो सगळ्यांनी मिळून. काम संपलं की जिने-तिने आपल्या खोलीत बाकीच्यांना बोलवायचं, धुतलेल्या फरशीवर बसवायचं आणि चहा द्यायचा. आधी घर दाखवायचं, मग चहा.

कोपऱ्यात जाळं दिसलं की मावशीचा प्रश्न ठरलेला: "तुजं घर असतं तर?"

"माजं घर असतं तर मी हितं मरायला आले असते काय?" वनिता एकदा म्हणाली.

"मग आता हाय ना. घास."

बाया हसल्या, पण जाळं निघालं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर एकीनेही काम सोडलं नाही. सुमन तर आपल्या आजच्या खिडकीत कोणता पडदा शोभेल यावर वनिताशी तास तास भांडे. एक स्वच्छ पुसलेली खोली आपली आहे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत असावं, तेही दर दिवशी नव्याने.

पालघरला आम्हा छोट्या धंदेवाल्यांची एक बैठक होती. माणसं टिकत नाहीत, हेच सगळ्यांचं रडगाणं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, कामगाराला मालकीची भावना द्या. खोल्यांची पद्धत सांगितली. टाळ्या पडल्या. मावशीचं नाव घ्यायचं राहिलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. राहिलं नव्हतं, मी ते घेतलंच नाही. आणि जी पद्धत माझी म्हणून सांगितली, ती मला कळलेलीसुद्धा नव्हती.

ती कळली स्टेशनजवळच्या एका फ्लॅटमध्ये. मालकाला चार वाजता चावी द्यायचं मी कबूल केलं होतं. कधी काही न मागणारी मावशी जवळ आली.

"शेट, चावी आज जरा उशिरा द्या. पोरगी येनार हाय."

मला मुलगी असल्याचंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, इथे कशाला, संध्याकाळी घरीच बोलवा, मी रिक्षा करून देतो.

ती खराट्याच्या काड्या नीट करत राहिली. "घरात नाय येता येत तिला. कंपनीतल्या पोराशी लगीन लावून वापीला गेली तवा मी बोलले, माज्या घरात पाय ठेवायचा नाय. बोलले ते बोलले." मग तिने मान वर केली. "पन ही खोली आज माजी हाय ना?"

दर दुपारी फोनवर ती कुणाला तरी इमारतीची खूण आणि माळा सांगत असे. मला वाटे, बाई सावध आहे, आज कुठे काम आहे ते घरी कळवून ठेवते. इतक्या फ्लॅटमध्ये, इतक्या दुपारी, ती एकीलाच बोलवत होती. शब्द मोडायचा नव्हता आणि मुलीवाचून राहवतही नव्हतं, म्हणून तिने रोज एक दुसरं घर करून ठेवलं होतं. मी त्याला व्यवस्थापन म्हणत होतो.

चार वाजून गेले. मालकाचा खालून फोन आला, तो पोचला होता. मावशी आतल्या लहान खोलीत पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होती. वनिता आणि सुमन भांडण विसरून जिन्याकडे कान लावून बसल्या होत्या.

जिन्यात पावलं वाजली. पंचविशीची मुलगी, कडेवर झोपलेलं मूल. तिने दारातच चपला काढल्या, आईने फोनवर शिकवल्यासारखं, हॉलमधून जाऊ का, असं वनिताला विचारलं आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. दिवसभर दुसऱ्यांना पाहुणचार शिकवणारी बाई फडकं घेऊन उभीच राहिली. तिने फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. त्यातून पाणी निघत नव्हतं.

मुलीने भिंती पाहिल्या, खिडकी पाहिली.

"आई, घर चांगलं हाय तुजं."

"आजच्यापुरतं हाय," मावशी म्हणाली. "ये. बस."

मुलीने पाय आत ठेवला. मी मागे वळलो. मालक जिना चढतच होता, त्याला मी मधल्या माळ्यावर गाठलं आणि सांगितलं की फरशी अजून ओली आहे, तासभर तरी वर कुणाला जाता येणार नाही.