लंजे सरांची कात्री

लंजे सर लग्नपत्रिका वाचत नसत, कापत. शर्टाच्या खिशातून छोटी कात्री निघायची आणि देवांची नावं, मामा-काकांची रांग, 'आग्रहाचं निमंत्रण' सगळं खाली पडायचं. उरलेले तुकडे ते जोडून चिकटवायचे: नवरी, नवरदेव, गाव, जेवणाची वेळ. "हा निरोप. बाकी भरती."

सडक अर्जुनीच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, मी मराठी. पेशीही हेच करते, असं ते सांगत. जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, आधी लांबलचक निघते. मधली भरती कापून, कामाचे तुकडे जोडून मगच ती केंद्रकाबाहेर जाते. शिवाय नक्कल कधी काढायची, यावरही पहारा. सरांचे पूर्वज तलाव बांधणारे; ते विचारायचे, "तलावात पाणी हाये म्हणून गेट उघडंच राहाते का बाप्पा?"

सभेत पुढारी लांबला की पहिल्या रांगेत सरांची दोन बोटं कात्रीसारखी चालायची. पुढारी अडखळायचा. मी खूश व्हायचो, माझी पाळी येईपर्यंत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला शाप म्हणणाऱ्यांविरुद्ध मी चार पानी पत्रक लिहिलं. व्यवस्था, शोषण, इतिहास, कोणालाही सोडलं नव्हतं. सरांनी एकच ओळ ठेवली: 'हा शाप नाही, आजार आहे, औषध आहे.' तेवढीच छापून वाटली.

तेवढीच वनिताच्या बापाने वाचली. वनिता आमची बारावीची विद्यार्थिनी, सिकलसेलची रुग्ण. मुलीला रक्ताच्या नावाने घरी बसवणं हा गुन्हा आहे, असं मी आजही म्हणतो; तो तेच करायला निघाला होता. पत्रक हातात धरून त्याने सरांना विचारलं, "रक्तातच लिवलं हाये सर. कायले शिकवू?"

"लिवलेलं सारंच वाचल्या जात नाही," सर म्हणाले. "पोटात असताना लेकराचं रक्त दुसऱ्या, चांगल्या जनुकावर चालते. जन्मल्यावर त्याचं गेट बंद होते. औषधानं ते थोडं उघडते. तुह्या पोरीतही ते जनुक शाबूत हाये."

सर स्वतः बापलेकीला दवाखान्यात घेऊन गेले. औषध सुरू झालं, दुखणं कमी झालं. वनिता परीक्षेला बसली आणि तालुक्यात पहिली आली.

सत्काराला ती बोलायला उभी राहिली. देव, मामा, काका, मैत्रिणी, एसटीचा कंडक्टर, कोणाचेच आभार चुकवले नाहीत. लोक चुळबुळू लागले. मी सरांच्या बोटांकडे पाहिलं. त्यांची मुलगी याच आजाराने गेली होती, वनिताएवढी असताना. तेव्हा हे औषध आमच्याकडे पोचलं नव्हतं.

बोटं मांडीवर स्वस्थ होती. वनिता थांबली, तसे सर म्हणाले, "आणखीन बोल ना, माय."