गुणवंता मुकादमाचं दुकान

सौंसरच्या बस स्टँडसमोरून आपल्याला उठवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं बोरगावची शकुबाई चारचौघींत छातीठोक सांगायची. बाई तुरीच्या शेंगा विकायची आणि बोलताना कुणाच्या बापाला भीत नसे. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर भोपाळच्या वाट्याला आलं, तरी शकुबाईचं पोतं वीतभर सरकलं नव्हतं.

पण त्या बाजाराच्या दिवशी सकाळीच कमेटीचा मुकादम गुणवंता समोर येऊन उभा राहिला.

"शकुबाई, उठा. साऱ्याजणी उठा. भोपाळचे नवे साहेब नऊ वाजता रस्ता पाहाले येऊन राहिले. आजपासून तुम्ही नाल्यापलीकडं बसायचं."

नाल्यापलीकडं बकऱ्यांखेरीज कुणी फिरकत नसे. नागपूर-छिंदवाड्याच्या मोटारी थांबायच्या त्या इथं, गिऱ्हाईक उतरायचं ते इथं. नाल्यापलीकडं गेलं की चूल थंड. पण शकुबाईचं तोंड शाबूत होतं.

"उठतो ना भाऊ," ती म्हणाली. "पण बोहनी कुठं झाली अजून? पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा हातात पडल्याशिवाय टोपलं उचललं तर सालभर धंदा बसते. तुमच्या मायनं नाई शिकवलं?"

गुणवंताची माय याच रस्त्यावर भाजी विकून म्हातारी झाली होती. बोहनी मोडायचं पाप तो कसा घेणार? त्यानं मुकाट पावशेर शेंगा घेतल्या. शकुबाई शब्दाला जागली. टोपलं डोक्यावर घेऊन कडेला उभी राहिली आणि शेजारच्या वांगीवाल्या सुगंधेकडं बोट दाखवून म्हणाली, "आता हिची."

बाया अकरा होत्या. सुगंधेची वांगी झाली, मग मेथी, मग सांभार म्हणजे कोथिंबीर, मग बोरं. बोरं ठेवायला डोक्यावरची टोपी कामी आली. कुंभारणीनं एक मडकं गळ्यात मारलं. शेवटी राहिली कासारीण. ती म्हणे, बांगडी खिशात घालून नेली तर ती बोहनी कसली, हातात भरलीच पाहिजे. गुणवंतानं डोळे मिटून हात पुढं केला. हिरवी बांगडी चढली खरी, पण उतरायला तयार होईना.

रस्ता मोकळा झाला. उरला एकटा गुणवंता, भाजीच्या ढिगात फतकल मारून बांगडी ओढत बसलेला. आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली, चांगली पाऊण तास आधी. कमेटीचं दुसरं कुणी अजून पोचलंही नव्हतं.

"क्यों भाई, अकेले ही दुकान लगाते हो?" साहेबांनी विचारलं.

बाया उठवायला आलो आणि बाजार करत बसलो, हे सांगितलं तर नोकरी जायची. गुणवंता चाचरत म्हणाला, "जी साब."

"और ये औरतें?"

अकराच्या अकरा बाया टोपली डोक्यावर घेऊन त्याच्याकडंच टक लावून होत्या.

"ग्राहक, साब."

"इतने सारे?" साहेब हरखले. त्याच्या हातातली बांगडी पाहून त्यांना काय वाटलं देव जाणे, पण आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी कागद मागवला आणि तिथंच बॉनेटवर लिहून दिलं की या माणसाला इथून कुणी उठवू नये आणि याच्या गिऱ्हाइकांना कुणी अडवू नये. खाली सही केली, आणि जीप पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागली.

शकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची जागा सरकारनं मुकादमाच्या नावे करून दिली होती. मग तिनं गुणवंताकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती हसली, आणि तिनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं.

तेव्हापासून दर बाजाराला गुणवंता तिथं पोत्यावर बसतो, समोर चार वांगी मांडून. भोवती अकराजणी, आपापली टोपली घेऊन. एखादा नवा शिपाई येऊन दरडावतो, "तुम्ही कायले बसल्या वो इथं?"

शकुबाई शेंगा मोजता मोजता, वरही न पाहता सांगते, "आमी गिऱ्हाईक होय, बाप्पा. सकाळपासून भाव करून राहिलो, हा माणूस कमीच करत नाई."