मध्यंतरातले दोन शब्द

"वासंती, तुझ्या कामगिरीचं मूल्यमापन माझ्याकडे आलंय," प्रभाकर खांबेट्यांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं.

"करा की," वासंतीबाई म्हणाल्या. "आधी पोहे खा. गार झाले की पुन्हा मलाच गरम करायला सांगाल."

विषय साधा नव्हता. वर्तकनगरातल्या नवसाधना सोसायटीचा मुलामुलींचा फुटबॉल संघ यंदा आंतरसोसायटी स्पर्धेत झाडून सगळे सामने हरला होता. बरं, हरावं तरी कसं? मध्यंतरापर्यंत पोरं नुसती धुमाकूळ घालत आणि मध्यंतरानंतर अशी ढेपाळत, की समोरच्यांनाही गोल करताना संकोच वाटावा. संघाला संयोजक दोन. आक्रमणाचा सुदेश, मोहने गावच्या मैदानांवर गुडघे फोडून घेतलेला आणि आता बँकेत चिकटलेला. बचावाच्या वासंतीबाई, एकेकाळच्या खो-खोपटू, आता निवृत्त शिक्षिका. ही पदनामं प्रभाकरांनीच दिलेली. पदनामाशिवाय माणूस काम करत नाही, हे त्यांचं सरकारी नोकरीत पिकलेलं मत होतं. सोसायटीचे अध्यक्षही तेच, त्यामुळे कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, हे रविवारच्या सभेत त्यांनीच सांगायचं होतं.

वरून कडक दिसले तरी आतून ते धास्तावले होते. मुलगी आसावरी बंगळूरला गेल्यापासून वासंतीबाई घरात गप्प गप्प असायच्या. या पोरांच्या मागे धावायला लागल्यापासून त्या पुन्हा गुणगुणायला लागल्या होत्या. पद काढून घ्यावं तर ते गुणगुणणं बंद होणार, ठेवावं तर लोक म्हणणार, बायकोला पाठीशी घातलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

त्यांनी आधी सुदेशला बोलावलं.

"काका, फॉल्ट माझाच आहे," सुदेश खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला. "मला काढा नि विषय संपवा. काकूंना राहू द्या."

"अरे, पण चूक नेमकी काय झाली?"

"आता काय सांगू. झाली असेलच ना काहीतरी."

"मनोबलाची बाजू तर मी सांभाळत होतो. प्रत्येक मध्यंतरात पोरांशी दोन शब्द बोललो. मग गाडी अडली कुठे?"

सुदेशने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला. "तेच तर कळत नाही, काका," तो म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

संध्याकाळी वासंतीबाईंनी तोच सूर लावला. "चूक माझी आहे. मला काढा. सुदेशला ठेवा, गुणी पोरगा आहे."

प्रभाकर चक्रावले. अख्ख्या नोकरीत त्यांनी चूक कबूल करणारा माणूस पाहिला नव्हता, आणि इथे दोघं जण एका चुकीवर हक्क सांगत होते. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी गोलकीपर सान्वीला जिन्यात गाठलं.

"सान्वी, मध्यंतरानंतर तुम्हांला होतं तरी काय?"

"आजोबा, ते आजींनी सांगायचं नाही म्हटलंय."

"मी अध्यक्ष आहे ना?"

सान्वीने थोडा विचार केला. "पायाला मुंग्या येतात. मांडी घालून बसलेलो असतो ना एवढा वेळ."

"मांडी घालून कशाला बसता? हिंडाफिरायचं, पाणी प्यायचं."

"तुम्ही बोलत असता ना. मोठी माणसं बोलत असताना उठायचं नाही, पाणीबिणी प्यायचं नाही, असं आजी म्हणतात. म्हणजे तुम्ही जव्हारला रुजू होता तोपर्यंत काही वाटत नाही. खडवलीला बदली झाली की मुंग्या सुरू होतात. तुम्हांला बढती मिळते तेव्हा पाय पूर्ण झोपलेला असतो." मग त्यांचा चेहरा बघून तिने घाईने जोडलं, "पण गोष्ट छान आहे, आजोबा."

प्रभाकर जिना चढून वर आले तेव्हा त्यांचेच पाय जड झाले होते. वासंतीबाई मेथी निवडत होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

वासंतीबाईंना काय ते कळलं. त्यांनी जुडी खाली ठेवली. "काय सांगायचं? निवृत्तीनंतर वर्षभर गॅलरीत बसून तुम्ही खाली कोणाची गाडी वाकडी लागली ते बघत होतात. माझ्याच्याने बघवत नव्हतं. मग पहिल्या सामन्याला बोलायला सांगितलं, तर स्वतः शर्टाला इस्त्री केलीत. लग्नानंतर पहिल्यांदा. मी सुदेशला म्हटलं, गोल काय, खातील पोरं थोडे. ह्यांना थांबवायचं नाही."

"आणि पद गेलं असतं म्हणजे?"

"गेलं असतं तर गेलं असतं," वासंतीबाई म्हणाल्या, पण डोळे मेथीवरून वर आले नाहीत.

शेजारी बसून प्रभाकरांनी आयुष्यात प्रथमच मेथी निवडायला घेतली आणि पानांऐवजी देठं ठेवली. ती वासंतीबाईंनी गुपचूप वेगळी केली.

रविवारी हॉल भरला. अध्यक्ष उठले तसे लोक खुर्चीत सैलावून बसले, कारण जव्हार अजून यायचं होतं. पण प्रभाकर म्हणाले, "दोन्ही संयोजकांचं काम उत्तम आहे. दोघं पदावर राहतील. पोरं हरली ती माझ्या भाषणांमुळे. यापुढे मध्यंतरात अध्यक्ष बोलणार नाहीत." आणि ते खाली बसले. सभा इतक्या लवकर संपली, की समोसे अजून आलेच नव्हते.

त्यानंतर डोंबिवलीचा एक तगडा संघ मैत्रीच्या सामन्याला आला. प्रभाकर साधा टीशर्ट घालून कडेच्या बाकावर तोंड मिटून बसले. मध्यंतराला बरोबरी होती. तेवढ्यात वासंतीबाई लगबगीने आल्या. त्यांच्या हातात इस्त्रीचा शर्ट होता.

"अहो, उठा. पाहुण्या संघाचं स्वागत नको करायला? अध्यक्ष आहात तुम्ही. काय म्हणतील डोंबिवलीची माणसं?"

"पण मी सभेत शब्द दिलाय."

"तो आपल्या पोरांबद्दल. पाहुण्यांबद्दल कुठे दिलाय?"

प्रभाकर उठले, शर्ट चढवला. डोंबिवलीची पोरं चांगल्या घरची. वडीलधारे गृहस्थ बोलायला उभे राहिलेले बघून सगळ्यांनी पटापट मांड्या घातल्या. पंचानेही शिट्टी खिशात टाकली आणि हात बांधून उभा राहिला. प्रभाकर जव्हारला रुजू झाले. आवाज छान लागला होता, पोरं तोंडाकडे बघत होती, त्यांना फार बरं वाटत होतं.

खडवलीपाशी त्यांची नजर सहज पलीकडे गेली. तिथे नवसाधनाची पोरं लिंबूपाणी पीत होती, पाय ताणत होती. सुदेश मातीत बोटाने रेघा ओढून काहीतरी समजावत होता. आणि वासंतीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि हातानेच खूण केली, चालू द्या.

प्रभाकर अडखळले. जन्मभर सचोटीने नोकरी केलेला माणूस. सगळा डाव एका क्षणात त्यांच्या ध्यानात आला. समोर एक पोरगा हळूच पोटरी चोळत होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. ती कधीची अशी हसली नव्हती.

"थोडक्यात आटोपतो," ते म्हणाले आणि घसा खाकरला. त्या दिवशी ते बढतीपाशी थांबले नाहीत. निरोप समारंभापर्यंत गेले, आणि तिथे कोण कोण काय काय बोललं, तेही सगळं सांगितलं.