हरू दे रे, मल्हारी

आपल्या मुलाचा संघ हरावा म्हणून देवाला साकडं घालणारा बाप मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो दौंडात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

बिराआप्पा मूळचे मांडवगण फराट्याचे. वडिलांनी मेंढरं विकली, थोडीफार शेती भावांकडे राहिली आणि आप्पा रेल्वे फाटकावर गेटमन झाले. निवृत्त झाल्यावरही गाडीची शिटी ऐकली की हातातला चहा खाली ठेवून ते उभे राहायचे. गाडी गेली की बसायचे. तोवर चहा गार झालेला असायचा आणि त्याबद्दल ते गाडीला शिव्या घालायचे. कुठलंही बोलणं "सरळ गोष्ट हाय मास्तर" असं सुरू करायचे, आणि तिथून पुढे ती गोष्ट काही सरळ राहायची नाही.

त्यांचा एकुलता एक संजू रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल शिकला आणि मुंबईत एका कंपनीच्या संघात लागला. गोलकीपर म्हणून. म्हणजे दुसरा गोलकीपर. पहिला धडधाकट असेपर्यंत याने बाकावर बसायचं. आईच्या वर्षश्राद्धाला आला तो शेवटचा. त्यानंतरच्या दोन दिवाळ्या आप्पांनी एकट्याने काढल्या होत्या.

त्याचा फोन माझ्या घरी यायचा. नव्वदीची अखेर होती. त्या वर्षी त्याचा संघ देशभरातल्या संघांच्या मोठ्या चषक स्पर्धेत उतरला. बाद पद्धतीची स्पर्धा. संजू फोनवर म्हणाला, "आप्पा, स्पर्धा चालूय तवर सुट्टी न्हाई. हरलो की दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो."

फोन ठेवून आप्पा दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "सरळ गोष्ट हाय मास्तर. हरला की घरी."

पहिल्या सामन्याच्या सकाळी त्यांनी खंडोबाची तळी भरली. तळी उचलायला पाच माणसं लागतात, म्हणून मी, शेजारचे दोघे आणि कोपऱ्यावरचा पानवाला तिवारी, असे चौघे बोलावले. ताटात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. आप्पांनी मागणं मनातल्या मनात मागितलं, पण आधी माझ्या कानात सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांना वाटलं, बाप पोरासाठी कप मागतोय. "चाचा, कप अपनाच है!" म्हणत तिवारीने "सदानंदाचा येळकोट" अशी काही आरोळी ठोकली की ताटातली सुपारी उडाली. एक जण हरू दे म्हणतोय, तिघे जिंकू दे म्हणतायत, आणि मी नेमका कुणाकडून, हे माझं मलाच कळेना. देवाला काय कळणार!

समोरचा संघ वेळेत मैदानावर पोचलाच नाही. संजूच्या संघाला सामना बहाल झाला.

"खेळलेच न्हाईत, तर जिंकले कसे?" आप्पांनी मला जाब विचारला, जणू नियम मीच केला होता.

मग दर फेरीला एकदा तळी ठरलेलीच. पुढच्या फेरीत बरोबरी झाली, पेनल्टीवर निकाल लागला आणि पुन्हा यांचाच संघ पुढे. तिवारीने गल्लीत पेढे वाटले. आप्पांनी पेढा घेतला, खाल्ला आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून घरात गेले. आनंद झाला की माणसं अशी का वागतात, असं तिवारी मला विचारत राहिला. मी दुसरा पेढा उचलला.

खरा घोटाळा त्याच्या पुढच्या फेरीत झाला. संजूचा संघ एक-शून्यने हरला! पेपरातल्या दोन ओळी मी वाचल्या मात्र, आप्पा उठले. बाजारातून कोंबडं आणलं. बायको गेल्यापासून कोपऱ्यात उभी असलेली मोठी परात काढून बाजरीचं पीठ मळलं. संजूची गादी उन्हात टाकली. आणि मग मला पेपरातली तिसरी ओळ दिसली. या फेरीत दोन सामने होते. दोन्हींचे गोल मिळून निकाल लागणार होता.

मी ते सांगितलं तेव्हा आप्पांच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती.

"हरलेल्या पैलवानाला परत आखाड्यात उतरवत्यात व्हय? घरी सोडायला काय झालं?"

"आप्पा, नियमच तसा आहे."

"ह्यो कसला नियम! हरला तर हरला. सरळ गोष्ट हाय."

ते कोंबडं आम्ही दोघांनी खाल्लं. गादी संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवली. दुसरा सामना यांनी तीन-शून्यने जिंकला.

उपांत्य सामना बंगळूरला होता. त्या सकाळी सातलाच फोन वाजला. संजू घाईत होता. पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं होतं. "आप्पा, आज मी उभा राहणार हाय," एवढंच म्हणाला आणि फोन कट झाला.

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीचा हात धरून खाली बसले.

तळीला पाचही जण जमलो. आप्पा ताट धरून उभे, पण उचलेनात. माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तर, आज काय मागू? जिंकू दे म्हनलं तर त्यो येत न्हाई. हरू दे म्हनलं तर..." तेवढ्यात तिवारीने येळकोट केला आणि ताट वर गेलं. आप्पांचे ओठ हलले. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर मी आधी एकट्याने वाचला. दोन-एकने हार. अखेरच्या मिनिटाला साधा फटका आला होता आणि गोलकीपर संजूच्या हातून चेंडू निसटला होता. हे वाक्य गाळून बाकीचं वाचावं असं मी ठरवलं, पण आप्पांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. त्यांनी ना कोंबडं आणलं, ना गादी काढली. दिवसभर ओट्यावर बसून राहिले. दोन गाड्या शिटी वाजवत गेल्या तरी उठले नाहीत. तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

बंगळूरची गाडी तिसऱ्या दिवशी दुपारी आली तेव्हा आम्ही दोघे फलाटावर होतो. सगळा संघ त्याच गाडीने मुंबईला चालला होता. दौंडला एकटा संजू उतरला. त्याला निरोप द्यायला डब्याच्या दारात कुणी आलं नव्हतं. तो खांद्यावर बॅग घेऊन आला आणि बापासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"आप्पा, माझ्या हातनं सुटला."

आप्पांनी त्याचे दोन्ही पंजे आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले.

"तुझ्या हातनं न्हाई रं," ते म्हणाले. "म्याच मागितला त्यो. चार टायमाला तळी उचलून मागितला. त्या दिवशी मागायचं नव्हतं, पन सवयीनं त्येच त्वांडातनं गेलं."

संजू माझ्याकडे बघत राहिला. "सर, आप्पा काय म्हनत्यात?"

मी त्याची बॅग उचलली.

"सरळ गोष्ट हाय," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "कोंबडं आनायचं राहिलंय. मला काय शिव्या घालायच्या त्या जेवल्याव घाल. आन् दोन दिस ऱ्हा."