नानांचा उजवा दंड

आमचे घरमालक नाना नवीन माणसाला नाव विचारत नाहीत. बाही वर सारतात, उजवा दंड फुगवतात आणि म्हणतात, "दाब." कुरुळीत आम्ही खोली बघायला आलो तेव्हा मी दाबला, वडिलांनीही दाबला. कुरिअरवालासुद्धा सुटलेला नाही. हळू दाबलं तर, "जेवत न्हाईस काय रं?"

नाना तरुणपणी गावच्या तालमीतले. खांदादुखी म्हणजे आळस, हे त्यांचं निदान. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा काही वर्षं पुढच्या बाजूनं दुखत होता, तर त्यांनी जोर वाढवले आणि वरून तेल चोळलं. शेवटी कपाटावरचा डबा निघेना, तेव्हा पिंपरीला दवाखान्यात निघाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं कळतं असं समजून त्यांनी मला सोबत नेलं.

"सूज हाय, उतरंल," नानांनीच डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"सूज आता फारशी नाही, नाना. दंडाच्या स्नायूला खांद्याशी बांधणारी दोरी झिजलीय. तिचे तंतू विस्कटलेत, आतून मऊ पडलेत. चोळून ते सरळ होत नाहीत."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. दोरी कापून खाली हाडात पक्की बसवायची. दंडाचा आकार राहतो, पण हात बरेच आठवडे जपावा लागतो. किंवा नुसती कापून सोडायची. रोजच्या कामाला हात लवकर मोकळा होतो, पण स्नायू घसरून कोपराकडे गोळा होऊ शकतो.

नाना दंडाचा आकारच राखणार, याची मला खात्री होती.

"द्या सोडून कापून," नाना म्हणाले.

परतताना मी भीत भीत म्हटलं, "नाना, आकार जाईल."

"जाऊ दे की. तुला काय माझं लगीन लावायचंय?"

ऑपरेशन झालं. दंड खरोखरच घसरला. थोड्या दिवसांनी सकाळी पाणी भरायला मागच्या दारी गेलो, तर नानी पाटावर बसल्या होत्या. संधिवातानं त्यांची बोटं वळत नाहीत. मागे बसून नाना त्यांची वेणी घालत होते, सावकाश, एकेक पेड सोडवत.

"सून घालीत होती की इतके दिस," मला बघून नानी लाजून म्हणाल्या. "पन ती ओढती रं. ह्यांचा हात हलका हाय."

नानांच्या दातांत रिबीन होती.