साळूबाईची शेवंती आणि बगळेसाहेबांचा ठिपका

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा अर्ज मंजूर झाल्याशिवाय शिकारीला निघत नसे, साळूबाई नावाची साळींदर राहायची. बाळांनो, आधी नाकं पुसा, मग ऐका.

साळूबाईचे शेवंतीचे चार वाफे होते. रानदेवीच्या जत्रेत फुलं द्यायची आणि वर्षाची ज्वारी आणायची, एवढ्यावर तिचं घर चालायचं. जत्रा दोन महिन्यांवर आली आणि पहिल्या वाफ्यातल्या पानांवर काळे ठिपके उठले.

ती धावत पीकरोग संशोधन केंद्रात गेली. तिथे डॉक्टर बगळे होते. पांढरा कोट त्यांना जन्मतःच होता, त्यामुळे शिक्षणाचं कुणी विचारलं नव्हतं.

बगळेसाहेब वाफ्यात एका पायावर उभे राहिले. भिंग लावलं. डोळे पाणावले.

"वा! काय ठिपका आहे!"

"साहेब, औषध सांगा ना."

"आधी रोग सिद्ध व्हायला हवा, बाई. आजारी झाडावरचा रोग काढायचा, निरोगी झाडाला लावायचा. तेही तसंच आजारी पडलं, की सिद्ध!"

"अगं बाई! आणि निरोगी झाड कुठून आणणार?"

साहेबांनी दुसऱ्या वाफ्याकडे प्रेमाने पाहिलं.

पंधरा दिवसांत दुसरा वाफा काळा पडला. साहेबांनी पेढे वाटले. "पण एकदा घडलं तर लोक योगायोग म्हणतात," असं म्हणत ते तिसऱ्यात शिरले. तिसराही गेला. साहेबांचा लेख छापून आला. रोगाला 'बगळे करपा' असं नाव मिळालं.

साहेब सत्काराला परगावी गेले आणि इकडे चौथ्या वाफ्यातही ठिपके दिसायला लागले. आता मात्र साळूबाईने कुणालाच विचारलं नाही. मेलेले तिन्ही वाफे उपटून जाळले. चौथ्यात ठिपक्याचं पान दिसलं की खुडायची आणि चुलीत घालायची. जत्रेच्या दिवशी तो वाफा पिवळाधमक फुलला.

साहेब गळ्यातल्या हारासकट परतले. पाहतात तो काय, टोपलीभर फुलं!

"बाई, रोग कुठंय?"

"जाळला की."

"सगळा? नमुन्यापुरताही ठेवला नाहीत?" साहेबांचा दुसरा पायही खाली टेकला. "अहो, पुढच्या पाच वर्षांचं काम होतं ते!"

"असेल बाबा. मला ज्वारी याच वर्षी लागते," साळूबाई म्हणाली आणि टोपली उचलून जत्रेच्या वाटेला लागली.

तात्पर्य: घरचा रोग परस्पर बरा करू नये. त्याच्यावर कुणाचं तरी पोट असतं.