कर्णिकबाईंची पोच

माझ्या नावापुढे आज बी.ए. लागतं, त्यात सगळ्यात मोठा वाटा सुमन कर्णिक यांचा आहे. या बाईंच्या घरून आलेली दिवाळीच्या फराळाची ताटलीसुद्धा सही केल्याशिवाय घेता येत नसे.

ताटलीबरोबर दोन चिठ्ठ्या असत. 'चकल्या सात, करंज्या चार, चिवडा वाटीभर. मिळाले.' एक चिठ्ठी आपण ठेवायची, दुसरीवर सही करून बाईंना परत द्यायची. मी मुरबाडहून वर्तकनगरला मामाकडे राहायला आलो, त्या पहिल्याच दिवाळीत मामाने सही करायच्या आधी एक करंजी तोंडात टाकली. बाईंनी ताटलीत पाहिलं.

"करंज्या तीन दिसतायत."

"एक आत्ता खाल्ली ना बाई, तुमच्यासमोरच!"

"मग तसं लिहा."

मामाने लिहिलं, 'एक करंजी पोच देण्यापूर्वी खाल्ली.' ती चिठ्ठी बाईंच्या फाइलमध्ये अजूनही असेल.

बाई आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहत. ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी सगळी नोकरी आवक टेबलावर काढली. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि आणणाऱ्याच्या प्रतीवरही तोच शिक्का मारून द्यायचा. ही झाली पोच. बढती दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी नाकारली, कारण वरच्या टेबलावर शिक्का नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा शिक्का बनवून घेतला. तारीख फिरवायच्या चक्रासकट. लग्नाच्या पत्रिका, लाइट बिलं, भाचीने अमेरिकेहून पाठवलेलं भेटकार्ड, सगळ्यावर जांभळं 'मिळाले'. कॉलनीत त्यांना मागून 'पोचबाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "म्हणजे नाव मिळालं तर," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मला त्यांचा उपयोग अर्जांसाठी व्हायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेचा अर्ज, वाचनालयाचा अर्ज, सगळं मी आधी बाईंना दाखवायचो. त्या लाल पेनने दुरुस्त करायच्या. "'कृपा करावी' काढ. एकदा 'विनंती' लिहिलीस ना, मग पुन्हा हात कशाला जोडतोस?"

मी दुसऱ्या वर्षाला असताना सरकारने विद्यापीठाची फी वाढवली. थोडीथोडकी नाही. आधीची फी मामा आणि आई मिळून कशीबशी भरत. मामा रात्री जेवताना म्हणाला, "आंबिवलीला माझ्या साडूचं गोदामात वजन आहे. तुला लावून घेतील. शिकला तेवढा पुष्कळ शिकला तू." तो वाईट बोलत नव्हता. मीही वाद घातला नाही.

कॉलनी मात्र पेटली होती. म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला होता. आमचे सेक्रेटरी सावंत सकाळी सहापासून लाल चेहरे पाठवत होते. कुणी म्हणत होतं, शिक्षणाचा बाजार मांडलाय. कुणी म्हणत होतं, स्वस्तात मिळालं की पोरं शिकत नाहीत, वाढली ते बरंच झालं. त्यावर सावंतांनी त्यांना ग्रुपमधून काढलं, मग बायकोने सांगितल्यावर पुन्हा घेतलं. नाक्यावर काही तरुणांनी आदेशाची झेरॉक्स जाळली. वाऱ्याने पहिली विझली, म्हणून दुसरी काढून आणली.

बाईंनी आदेश शेवटपर्यंत वाचला. कॉलनीत तो शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच. खाली बारीक अक्षरात होतं, की ज्यांना हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

"एवढे ओरडलात," त्या सावंतांना जिन्यात म्हणाल्या, "पण आवक कुठे झालं?"

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे एक अर्ज घेऊन गेलो. कॉलेज सोडल्याचा दाखला मिळावा, असा. त्यांनी चष्मा लावला, वाचला. एक वेलांटी दुरुस्त केली. मग ड्रॉवर उघडला, तारखेचं चक्र फिरवलं आणि माझ्या अर्जावर शिक्का मारला. मिळाले. नंबर टाकला आणि अर्ज फाइलला लावला.

"बाई, हा कॉलेजात द्यायचाय."

"आधी माझ्याकडे आलाय ना? विचाराधीन आहे. निर्णय कळवीन."

"पण मला सोमवारी गोदामात..."

"पोच देऊ का?"

त्यांनी मला खरोखर पोच दिली. मी ती घेऊन घरी आलो. दुसरा अर्ज लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण तो मी लिहिला नाही. मामाला सांगितलं, अर्ज विचाराधीन आहे. मामा सोमवारी एकटाच कामाला गेला.

पुढचा आठवडा बाईंनी जिन्याखाली टेबल टाकलं. प्रत्येकाने आपल्या हाताने हरकत लिहायची. सावंत जोशात होते. त्यांनी एका रात्रीत सगळ्या कॉलनीच्या सह्या घेऊन गठ्ठाच आणून ठेवला. बाईंनी पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढला.

"सावंत, फीवाढीमुळे तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी होतो, असं सगळ्यांचं म्हणणं आहे का?"

सावंतांनी गेल्या वर्षीचं पाणीकपातीचं पत्र घेऊन फक्त वरचा विषय बदललेला. खालचं कुणी वाचलं नव्हतं. तळमजल्यावरच्यांनीसुद्धा तिसऱ्या मजल्याची तक्रार केली होती.

"जाऊ दे ना बाई, भावना महत्त्वाची!"

"भावनेला आवक नंबर नसतो. पुन्हा लिहा."

लोक कुरकुरले, पण लिहिलं. आता कुणाच्या पत्रात स्वतःची मुलगी आली, कुणाच्या पत्रात धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा आला. मामाने चार ओळी लिहिल्या. त्यात माझं नाव होतं. 'पोरगा हुशार आहे' असं त्याने लिहिलं होतं. हे त्याने मला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी आणि बाई गठ्ठा घेऊन आदेशात दिलेल्या कार्यालयात गेलो. टेबलावरचा तरुण म्हणाला, "ठेवून जा मॅडम, नंतर बघतो."

"पोच?"

"एवढ्या सगळ्यांची?"

"प्रत्येकाची."

तो जेवायला गेला. आम्ही बाकावर बसून राहिलो. बाईंनी एक जुनी फाइल माझ्या हातात दिली आणि त्या पाणी प्यायला गेल्या. फाइलवर लिहिलं होतं, क्रमांक एक. वरचाच कागद पिवळा पडलेला. एका वडिलांनी आपल्या कन्येला, कुमारी सुमन हिला, कॉलेजच्या फीमध्ये सवलत मिळावी म्हणून केलेला अर्ज. खाली तिचे गुण. चांगले होते, माझ्यापेक्षा बरेच. कागदावर कुठेही शिक्का नव्हता.

बाई परत आल्या. मी फाइल मिटली नाही.

"ही घरची प्रत," त्या म्हणाल्या. "खरी प्रत वडिलांनी टेबलावर ठेवली आणि नमस्कार करून आले. महिन्याने विचारायला गेले, तर म्हणे असा अर्ज आलेलाच नाही."

"मग?"

"मग टायपिंगचा क्लास. मग नोकरी." त्यांनी पदर सारखा केला. "त्यांना कळायला हवं होतं रे, पोच मागायला हवी. पण मोठ्या कार्यालयात मागायची कशी, असं वाटलं असेल."

तो तरुण आला. त्याने शिक्के मारायला सुरुवात केली. पॅड कोरडं होतं. बाईंनी पर्समधून शाईची बाटली काढली. अर्धा गठ्ठा झाल्यावर त्यांनी त्याला सांगितलं की शिक्क्यावर कालची तारीख आहे. तो त्यांच्याकडे बघतच राहिला, आणि मग पहिल्यापासून पुन्हा मारायला लागला. शेवटी शेवटी त्याला गंमत वाटायला लागली असावी. निघताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठल्या ऑफिसला होतात?"

महिन्याभराने निर्णय आला. आधीपासून शिकणाऱ्यांना जुनीच फी, नव्यांना वाढीव. हे मोर्च्यांमुळे झालं, पत्रांमुळे झालं की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. सावंतांनी ग्रुपवर फटाके उडवले. बाईंनी निर्णय वाचून एवढंच म्हटलं, "नव्या मुलांचं काय?" आणि दुसरं पत्र लिहायला बसल्या. त्याआधी त्यांनी माझा दाखल्याचा अर्ज मला परत केला. त्यावर लाल शेरा होता, 'अमान्य. कारण उरलेले नाही.'

पुढे मी पास झालो, नोकरी लागली, डोंबिवलीला खोली घेतली. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं, त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. कच्चं करून दोनदा तपासलं, कारण तपासायला त्या शेजारी नव्हत्या.

प्रति,
श्रीमती सुमन कर्णिक,
वर्तकनगर, ठाणे.

विषय : फी सवलतीच्या अर्जाबाबत.

महोदया,

आपल्या वडिलांनी आपल्यासाठी केलेला अर्ज मिळाला. अर्जात एकही चूक नाही. खालचे गुणही पाहिले. उत्तराला फार उशीर झाला, आणि तो मंजूर करण्याचा अधिकार मला नाही. पण अर्ज आलेलाच नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये, म्हणून ही पोच देत आहे.

सोबत माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे. आमच्या घरी अशा कागदाला फाइल नाही. आपल्या क्रमांक एकच्या फाइलमध्ये त्या अर्जामागे जागा असल्यास तिथे लावावी, ही विनंती.

पत्र दोन प्रतींत आहे. एकीवर शिक्का मारून परत पाठवावी. मी वाट बघत आहे.

आपला,
संतोष देसले

सोबत : आईने केलेल्या करंज्या, बारा. मामाच्या हाती पाठवत आहे. कमी भरल्यास त्याच्याकडून लिहून घ्यावे.